तरुणांची बेकारी आणि देशाची तब्येत : साताऱ्यात हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. एरवी मागच्या बाकांवर डुलक्या चालू असतात, पण बेकारीचा धडा आला की वर्ग जागा होतो. प्रत्येकाच्या घरात नाहीतर शेजारी एखादा दादा रिकामा असतोच. खालचे प्रश्न वर्गातल्या मुलांचे आहेत, पालकसभेला आलेल्या आईवडिलांचे आहेत, आणि काही पोवई नाक्यावर चहा पिताना गाठणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांचे. त्यांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत.

सर, देशाची तब्येत बघायची तर तरुणांचीच बेकारी का बघायची? सगळ्यांची का नाही?

सगळ्यांचीही बघतातच. पण मंदीची चाहूल तरुणांना आधी लागते. एमआयडीसीतला एखादा कारखाना डोळ्यासमोर आणा. ऑर्डरी कमी झाल्या की मालक सगळ्यात आधी नवी भरती थांबवतो. मग ट्रेनी कमी होतात, मग ठेकेदाराची माणसे. वीस वर्षे मशीनवर उभा असलेला कायम कामगार सर्वांत शेवटी, कारण त्याला काढायचे तर नोटीस, भरपाई, युनियन, सगळे आले. बावीस वर्षांच्या पोराला काढायला एक वाक्य पुरते : ‘उद्यापासून येऊ नको.’ आणि ज्याला अजून घेतलेच नाही त्याला तर तेवढेही सांगावे लागत नाही.

म्हणून एकूण बेकारीचा आकडा जेव्हा जागचा हलायला लागतो, तेव्हा तरुणांचा आकडा पुढे पळालेला असतो. बरे दिवस असले तरीही तो मोठ्यांच्या दोन-तीन पट असतोच, कारण पहिली नोकरी शोधायला वेळ लागतो आणि एक-दोन ठिकाणी पाय टेकवून बघावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारची जी श्रमबल पाहणी होते, तिच्यात २०२३-२४ साली एकूण बेकारीचा दर ३.२ टक्के होता आणि १५ ते २९ वयोगटाचा १०.२ टक्के.

बेकार म्हणजे नक्की कोण? आमच्या गल्लीत निम्मी पोरं बेकार आहेत, आणि तुम्ही दहा टक्के म्हणता.

गल्लीतला ‘बेकार’ आणि सरकारी कागदावरचा ‘बेकार’ ही दोन वेगळी माणसे आहेत. कागदावर बेकार ठरायला तीन अटी लागतात : हाताला काम नाही, काम मिळाले तर करायची तयारी आहे, आणि तो प्रत्यक्षात काम शोधतो आहे. यातली तिसरी अट सगळा घोळ घालते. शोधणे सोडले की तो बेकारांच्या यादीतून बाहेर. नोकरी लागली म्हणून बाहेर पडला की कंटाळून, हे दराला कळत नाही.

फळ्यावर मी हा हिशोब मांडतो. एका गावात १०० तरुण-तरुणी आहेत. ४० शिकताहेत, १५ मुली घर सांभाळतात. हे ५५ जण हिशोबातच नाहीत. उरले ४५, त्यांना श्रमबल म्हणतात. त्यातले ३९ काम करतात, ६ शोधताहेत. दर झाला ६ भागिले ४५, म्हणजे १३.३ टक्के. आता दिवाळीनंतर त्या सहांतल्या तिघांनी शोधणे सोडून दिले आणि पारावर बसायला लागले. श्रमबल उरले ४२, बेकार ३. दर ७.१ टक्के! गावात एकही नवी नोकरी आली नाही, पण बेकारी जवळजवळ निम्मी. हा हिशोब केला की वर्गात एक जण तरी हसतो आणि दोघे-तिघे वहीवरून मान वर करत नाहीत.

मग दर खाली आला तर आनंद मानायचा की नाही?

आधी विचारायचे, खाली कशाने आला. ही पाहणी सुरू झाली तेव्हा, २०१७-१८ साली, तरुणांचा दर १७.८ टक्के होता. सहा वर्षांत तो १०.२ वर आला. ऐकायला फार छान. पण त्याच पाहणीत शेतीवर राबणाऱ्यांचा वाटा ४४.१ टक्क्यांवरून ४६.१ टक्क्यांवर गेलेला दिसतो. देश श्रीमंत होतो तसतशी माणसे शेतीतून कारखान्यात, दुकानात, कचेरीत जातात. जगभर हाच रस्ता आहे. आपल्याकडे कोरोनाच्या टाळेबंदीत लोक उलटे चालत आले आणि त्यातले बरेच शेतातच राहिले.

म्हणजे असे : माण-खटावकडचा एखादा पोरगा पुण्याची नोकरी गेल्यावर घरी आला आणि वडिलांच्या तीन एकरांत हात घालायला लागला. पूर्वी त्या तीन एकरांवर तिघे राबत होते, आता चौघे राबतात. पीक तेवढेच. पाहणीत मात्र तो ‘रोजगारात’ आहे. पैसे हातात न घेता घरच्या धंद्यात मदत करणाराही कामावरच धरला जातो. याला आमच्या विषयात छुपी बेकारी म्हणतात. गावात त्याला ‘घरचंच बघतोय’ म्हणतात, आणि ते म्हणताना बापाचा आवाज जरा खाली येतो.

खरे सांगायचे तर बेकार राहायलाही घरात पैसा लागतो. ज्याच्या घरी दोन महिन्यांचा किराणा भरलेला नाही, तो नोकरी शोधत बसत नाही; तो सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि मिळेल ते काम घेतो. म्हणून फार गरीब देशांत बेकारीचा दर कधीकधी युरोपपेक्षा कमी दिसतो. तो तब्येत चांगली असल्याचा पुरावा नव्हे. आजारी पडायला सवड नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझा मुलगा तीन वर्षं अभ्यासिकेत बसतो. लोकांना काय सांगू, बेकार का विद्यार्थी?

लोकांचे सोडा, पाहणी करणारा दारात आला तर तुम्ही काय सांगाल यावर बरेच अवलंबून आहे. अनेकदा मुलगा घरी नसतो आणि आईच उत्तरे देते. ‘शिकतोय’ म्हणालात तर तो विद्यार्थी. ‘नोकरी बघतोय’ म्हणालात तर बेकार, कारण भरतीचे अर्ज भरणे हेही काम शोधणेच. आणि ऊस तोडणीला, आले काढायला वर्षात मिळून महिनाभर जरी त्याने घरच्या शेतात काम केले असेल, तर वर्षभराच्या मोजणीत तो कामगारही ठरू शकतो. एकच पोरगा, तीन रकाने.

तुमच्या प्रश्नामागचा प्रश्न मला कळतो. हे पोरगे भरतीच्या रांगेत का उभे आहेत, हे आकड्यांत बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या पुढे. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा, अर्ज १७ लाखांहून जास्त. एका जागेमागे शंभर. पहाटे ग्राउंड मारणाऱ्या शंभर पोरांतली नव्व्याण्णव परत येणार, हे त्यांनाही ठाऊक असते. तरी ती धावतात, कारण खासगीत पहिला पगार आणि सरकारी पहिला पगार यांत एवढी मोठी दरी आहे, वर पेन्शन, वर्दी, आणि लग्नाच्या बाजारातली किंमत. मी त्यांना वेडे म्हणत नाही. घरच्यांनी मात्र ‘किती प्रयत्न’ हे आधीच ठरवावे. दोन की तीन, तुमचे तुम्ही ठरवा, पण आकडा ठरलेला असू द्या. मुलगा तिशीला टेकल्यावर ही बोलणी फार कडू होतात.

शिकलेल्यांनाच नोकरी नाही आणि आमच्या गड्याला रोज काम आहे. मग शिकवून चूक केली का?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतावरच्या अहवालात तुमचे निरीक्षण आकड्यांत आहे. २०२२ साली पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. देशातल्या एकूण बेकारांत ८३ टक्क्यांच्या आसपास तरुणच.

वाचून धक्का बसतो, पण मघाचे वाक्य आठवा : बेकार राहायला पैसा लागतो. निरक्षर पोराला थांबणे परवडत नाही. पदवीधराला बापाच्या जिवावर दोन वर्षे थांबता येते, आणि त्याने बी.कॉम. केले ते पोती उचलायला नव्हे. त्यामुळे दर चढा दिसण्यात थोडा भाग या थांबण्याचा आहे. ज्यांना काम मिळते त्यांच्यात शिकलेल्याचा पगार जास्तच असतो, तेव्हा शिकवून चूक झाली नाही.

पण उरलेला भाग थांबण्याचा नाही, तो दुखण्याचाच आहे. आपण पदव्या भराभर वाढवल्या आणि पदवीला साजेशी कामे त्या वेगाने वाढली नाहीत. आमच्या जिल्ह्याला शिक्षणाची परंपरा थोर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, ‘कमवा आणि शिका’चा पाया घातला, आणि ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांची पोरे साहेब झाली. त्या काळी शिकलेला माणूस दुर्मीळ होता, म्हणून त्याला भाव होता. आज प्रत्येक तालुक्यात महाविद्यालये आहेत आणि कारखान्याच्या गेटवर पाटी लागते ती ‘हेल्पर पाहिजेत’ अशी. वेल्डर, फिटर, सीएनसी चालवणारा मिळत नाही म्हणून कारखानदार रडतात, हेही खरे. पण त्यांना विचारले की पगार किती देणार, की रडणे थांबते.

सातारा जिल्ह्यात तरुणांची बेकारी किती टक्के आहे? आकडा सांगा.

२०२३-२४ पर्यंतची ही पाहणी देश आणि राज्य पातळीवर विश्वासाने बोलता येईल अशी आखलेली होती. त्यातून जिल्ह्याचा दर काढणे म्हणजे आमटीतल्या एका डाळीच्या दाण्यावरून मीठ ठरवणे. तेव्हा कुणी भाषणात साताऱ्याचा टक्का ठोकून दिला तर त्याला विचारा, कुठून आणला.

शिवाय आपला जिल्हा आपली बेकारी गाडीत बसवून बाहेर पाठवतो, हे विसरू नका. पाटण-जावळीच्या डोंगरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत, बाजारात ओझी उचलायला गेली. माथाडींसाठी अण्णासाहेब पाटील लढले, १९६९ साली कायदा झाला, आणि त्या कायद्यावर आमच्या कितीतरी घरांवर स्लॅब चढले. आता पोरे पुणे-चाकणला जातात. तिथे ती कामावर मोजली जातात किंवा तिथेच बेकार मोजली जातात. गावात मोजायला म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे उरतात. गावाचा दर झकास.

१५ ते २४ बरोबर की १५ ते २९?

जगात बहुतेक ठिकाणी १५ ते २४ धरतात, आपल्याकडे १५ ते २९. दोन देशांची तुलना करताना आधी वयोगट बघा. एवढेच.

बातम्यांत कधी दहा टक्के येतं, कधी चौदा. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही, पट्ट्या वेगळ्या आहेत. १०.२ हा ‘नेहमीच्या स्थिती’चा आकडा : गेल्या वर्षभरात तुम्ही बहुतेक काळ काय करत होता, आणि जोडीला महिनाभर तरी काही काम केले का. दुसरी पट्टी आठवड्याची : गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास तरी काम केले का. २०२५ पासून सरकार दर महिन्याला आकडे काढायला लागले, ते या आठवड्याच्या पट्टीने. त्यातल्या पहिल्याच पत्रकात, एप्रिल २०२५ साठी, तरुणांचा दर १३.८ टक्के निघाला. कुणीतरी १०.२ वरून थेट १३.८ वर ‘उडी’ घेतल्याची बातमी करून टाकली. मीटरने मोजलेले कापड वाराने मोजले तर आकडा बदलणारच, कापड तेवढेच. आणि खासगी संस्थाही आपापली पाहणी करतात, त्यांच्या व्याख्या आणखी कडक.

एक तास काम केलं तरी रोजगार? ही थट्टा आहे का?

थट्टा वाटते खरी, पण हा नियम आपला नाही, जगाचा आहे. उद्देश असा की थोडेसेही उत्पादन झाले तर ते सुटू नये. तासाचा नियम ‘काम झाले का’ हे सांगतो, ‘पोट भरले का’ हे सांगत नाही. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचे उत्तर दिले की थट्टा होते.

बाहेरच्या देशांत काय झालं? आपल्यापेक्षा वाईट कुणाचं?

स्पेनचे उदाहरण मला फार बोलके वाटते. २००८ च्या आधी तिथे घरबांधणीचा असा सपाटा होता की पोरे शाळा सोडून साइटवर जायची. पगार मास्तरापेक्षा बरा. बुडबुडा फुटला, बांधकामे थांबली, आणि २०१३ पर्यंत तरुणांची बेकारी ५५ टक्क्यांच्या वर गेली. श्रमबलातल्या दोघांमागे एक रिकामा. हातात ना काम, ना शाळेचा दाखला. महामार्गाकाठच्या प्लॉटिंगवर आपली पोरे गाडी उडवत फिरतात तेव्हा मला हटकून स्पेन आठवतो.

२०१३ साली जर्मनीत हा दर एक आकडी होता. तिथे मोठ्या संख्येने मुले शाळेनंतर तीनेक वर्षे आठवड्यातले एक-दोन दिवस वर्गात आणि बाकीचे दिवस कारखान्यात पगारी उमेदवारी करतात, आणि शेवटी उद्योगांचीच मंडळे त्यांची परीक्षा घेतात. उमेदवारीचा कायदा आपल्याकडेही १९६१ पासून आहे. फरक एवढाच की तिथे मालक त्या पोराला उद्याचा कारागीर समजतो, आणि इथे बरेच जण आजचा स्वस्त हेल्पर.

चीनने वेगळीच गंमत केली. जून २०२३ मध्ये त्यांच्या शहरांतल्या तरुणांची बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि ऑगस्टमध्ये सरकारने आकडा छापणेच बंद केले. पुढच्या जानेवारीत शिकणाऱ्या मुलांना वगळून नव्या पद्धतीने सुरू केला, तेव्हा तो १४.९ निघाला. नव्या पद्धतीच्या बाजूने बोलता येईल, पण पाच महिने कप्पा रिकामा ठेवण्यावरून जो निष्कर्ष निघतो तो कुठल्याही टक्क्यापेक्षा मोठा आहे.

आणि ट्युनिशिया. डिसेंबर २०१० मध्ये तिथल्या एका लहान गावात मोहम्मद बुअझीझी या २६ वर्षांच्या तरुणाने अधिकाऱ्यांच्या जाचाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतले. महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला आणि अरब देशांत वणवा पसरला. सगळे म्हणतात, तरुणांच्या बेकारीने ते सरकार पाडले. बरोबरच आहे. पण बुअझीझी हातगाडीवर फळे-भाजी विकायचा. आठवड्याच्या पट्टीने तो बेकार नव्हताच. ज्या माणसावरून बंड पेटले तो बेकारीच्या दरात नव्हता, हे मी दर वर्षी सांगतो, कारण दर ऐकून निर्धास्त होणारे सरकार काय चुकते ते यात आहे.

मुलींचं काय? त्या तर मोजणीतच नाहीत म्हणता.

मोजणीत आहेत, श्रमबलात नाहीत. शिक्षण नाही, नोकरी नाही, प्रशिक्षण नाही अशा तरुणांचा एक वेगळा हिशोब हल्ली ठेवतात. जगात दर पाच तरुणांमागे एक जण त्यात येतो, आणि त्यांतल्या तीनांमधल्या दोन मुली. माझ्या मते बेकारीच्या दराशेजारी हा आकडा छापलाच पाहिजे.

भारतात कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचे प्रमाण २०१७-१८ ला २३.३ टक्के होते, २०२३-२४ ला ४१.७ झाले. मोठी वाढ. पण तिच्यातला मोठा भाग गावाकडचा, स्वतःच्या किंवा घरच्या कामातला, बिनपगारी मदतीचाही. पूर्वी जी ‘काही करत नाही’ म्हणून लिहिली जायची ती म्हशींचे सगळे करतच होती. आता निदान लिहिले तरी जाते. माझ्या वर्गात पहिल्या पाचांत चार मुली असतात. दहा वर्षांनी भेटतात तेव्हा बहुतेक जणी हसून म्हणतात, ‘सध्या घरीच, सर.’

एक-दोन वर्षं रिकामी गेली तर असं काय बिघडतं? वय आहे की.

बिघडते. मंदीच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचा पगार पुढची दहा-पंधरा वर्षेसुद्धा इतरांपेक्षा कमी राहतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. जपानमध्ये नव्वदच्या दशकात बाजार कोसळला तेव्हा कॉलेजातून बाहेर पडलेली पिढी आज पन्नाशीला आली, त्यांतले कित्येक अजून हंगामी कामांवर आहेत. तिथल्या कंपन्या ताजे पदवीधरच घ्यायच्या; गाडी चुकली ती चुकलीच.

देशाच्या तब्येतीशी याचा थेट संबंध आहे. काम करता करता जे शिकायचे ते या पोरांचे राहून जाते, कर भरायच्या वयात ती घरच्यांवर असतात, आणि आपला काम करण्याच्या वयाचा हा भर काही कायमचा नाही. ही मुले म्हातारी होणार आहेत.

सरकारने सरळ काम का देऊ नये?

दिले होते, आणि तेही शेजारच्याच जिल्ह्यातून. सांगलीच्या तासगाव तालुक्यातले विसापूर हे वि. स. पागे यांचे गाव. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांची. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, आणि देशाने २००५ साली तोच धागा उचलला. खर्चासाठी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला लागले. माझ्या पगारपत्रकावर तो अजून आहे. महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या रिकाम्या हाताचा भार थोडा उचलावा, असा तो सौदा होता. कापताना कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

पण ती योजना फावड्या-घमेल्याची. एम.ए. झालेल्या मुलाला ती चालत नाही. त्याच्यासाठी २०२४ मध्ये राज्याने कार्य प्रशिक्षण योजना काढली : बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा, तेही ठरावीक महिन्यांपुरते. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न मला विचारून उपयोग नाही. सैन्याचेही तसेच. अपशिंगे मिलिटरी हे नावच लावणारे गाव आमच्या तालुक्यात आहे. तिथे भरती म्हणजे आयुष्याची सोय होती. २०२२ पासून अग्निवीर चार वर्षांचा, आणि शंभरातले पंचवीसच पुढे राहणार. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर पुन्हा त्याच श्रमबलात.

तुम्ही स्वतः कोणता आकडा बघता?

दर बघतोच. मग लगेच बघतो किती टक्के तरुण श्रमबलात आहेत, शेतीचा वाटा वाढला की घटला, आणि पगारी नोकरीत किती जण आहेत. हे तीन एकाच दिशेला बोलत असतील तर दरावर विश्वास ठेवतो. शिवाय पहाटे साडेपाचला स्टँडवर पुण्याच्या गाडीची रांग बघतो. त्याला शास्त्र म्हणू नका.

सर, तुमचा मुलगा काय करतो?

हा प्रश्न दर वर्षी शेवटच्या बाकावरून येतो. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, चाकणला एका कंपनीत. कंत्राट अकरा महिन्यांचे, तिसऱ्यांदा वाढवून मिळाले आहे. पाहणीत तो रोजगारात आहे. ऑक्टोबरपर्यंत.